अमर्यादाचा ताळेबंद

गेल्या मे महिन्यात स्टुटगार्टच्या मुख्य रेल्वे स्थानकाबाहेर, सायंकाळी सातच्या सुमारास, हातात उत्तम प्रतीचा फोन, फोनात 'अमर्याद' डेटा आणि डोळ्यांपुढे नकाशाऐवजी गरगर फिरणारे एक करडे चक्र, अशा अवस्थेत मी उभा होतो. ते स्थानक 2010 सालापासून खणलेले आहे. दर खेपेस फलाटांकडे जाण्याची वाट निराळी, आणि त्यामुळे नकाशावाचून माझ्यासारख्या वयोवृद्धाची गत तेथे जत्रेत चुकलेल्या पोरासारखी होते. पुण्याहून निघताना नातवाने माझ्या फोनात ई-सिम घातले होते, आणि "आजोबा, अनलिमिटेड आहे, मोजत बसू नका," असे अभयही दिले होते. अभय देणाऱ्याने सकाळी आगगाडीत माझ्याच फोनाचा हॉटस्पॉट घेऊन आपली शेकडो छायाचित्रे मूळ आकारात क्लाउडवर चढवली, आणि मग तो संग्रहालय पाहायला निघून गेला. रोज 2 जीबीनंतर वेग मंदावेल, अशी एक अट त्या अमर्यादाच्या पोटात होती. ती मला रात्री चष्मा पुसून वाचावी लागली.

आयुष्याची बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात, दुसऱ्यांच्या तसलमाती आणि प्रवासभत्त्याची बिले तपासण्यात घालवलेल्या माणसाला या प्रसंगाचा जो सल वाटला, तो वाट चुकल्याचा नव्हे, हिशेब चुकल्याचा होता.

परदेशाशी बोलण्याचा आमच्या घराण्यातील पूर्वेतिहास मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात लांबण लावण्याजोगे फारसे नाही. वडील तारेचा मजकूर लिहिताना क्रियापदे गाळीत, कारण दर शब्दाला पैसे पडत, पुढे आयएसडीच्या काचेरी खोक्यात उभे राहून तांबड्या आकड्यांकडे पाहत आम्ही "बरे आहे ना? ठेवतो" एवढेच बोलत असू, 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले खरे, परंतु ते आमच्या गल्लीतील सायबर कॅफेपर्यंत येण्यास आणखी काही वर्षे लागली. या साऱ्या काळात मोजमाप दुसऱ्याच्या खिडकीवर होई, आणि आम्ही निमूटपणे पैसे अदा करीत असू. स्वतः मोजण्याची पाळी आली ती 2011 साली.

त्या वर्षी लेक स्टुटगार्टला नोकरीस गेली म्हणून आम्ही उभयता प्रथमच परदेशी निघालो. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर उतरताच मी इमानेइतबारे फोन चालू केला, आणि पंधरा दिवसांत एकही फोन न करता, एकही संदेश न धाडता, तो तसाच खिशात बाळगला. परत आल्यावर बिल आले: 38 एमबी, दर 10 केबीस 5 रुपये 50 पैसे, टप्पे 3,892, एकूण 21,406 रुपये, सेवाकर निराळा. मी गुणाकार तीनदा करून पाहिला. गुणाकार बिनचूक होता, आणि हेच दुःख होते. ईमेल आपोआप येत होती, हवामानाची चौकट आपोआप ताजी होत होती, आणि मी झोपेत असताना माझा फोन परमुलखात उधारीवर जेवत होता. कंपनीच्या कचेरीत मी लेखी तक्रार गुदरली. तेथील तरुणाने अत्यंत विनयाने मला 'डेटा रोमिंग' नावाचे बटण दाखवले, आणि ते आधी का दाखवले नाही या प्रश्नाला तितक्याच विनयाने उत्तर दिले नाही.

पुढे कळले की ज्या भूमीवर माझी ही वसुली झाली, तेथील रहिवाशांस 1 जुलै 2010 पासूनच एक संरक्षण लाभले होते: युरोपीय संघात फिरताना डेटाचे बिल 50 युरोंपर्यंत गेले की, ग्राहकाने निराळे कळवले नसल्यास, कंपनीने जोडणी तोडावी, असा दंडकच होता. 1 जुलै 2012 पासून एका एमबीस 70 सेंटांची कमाल मर्यादा आली, 2013 साली ती 45 वर आणि 2014 साली 20 वर उतरली. हे सर्व तेथील सिमकार्डधारकास लागू. आमच्यासारखा पाहुणा आपल्या देशाच्या दराने भरडला जाई. तेव्हा तात्पर्य उघड होते: सिमकार्ड तेथलेच हवे.

म्हणून 2013 सालच्या एप्रिलात लेकीने सुपरबाजारातून, दूधपावाबरोबर, एक प्रीपेड सिमकार्ड आणले, आणि माझ्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे हिशेबी दशक सुरू झाले. त्याला दशक म्हणणे अंकांच्या दृष्टीने अतिशयोक्तीचे आहे, कारण ते पाचच वर्षे टिकले. परंतु सुखाच्या मोजणीत लेखापरीक्षकाने फार काटेकोर असू नये. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलेले असे: 30 दिवस, 500 एमबी. त्यापुढे वेग गोगलगायीचा होई, पण तो आकडा दर्शनी होता आणि आपली पायरी काय हे पहिल्या दिवशीच समजत होते.

निघण्यापूर्वी पुण्यात मी सात दिवस घरचे वायफाय बंद ठेवले, फोनाच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपने किती खाल्ले ते रोज रात्री टिपले, घरबसल्या करमणुकीचा खर्च वजा घातला, नकाशाचा वाढवला, आणि एकूण रकमेवर चौथाई आकस्मिक खर्चासाठी धरली. त्यातून लाल कापडी बांधणीच्या चोपडीत आमचे दरपत्रक तयार झाले: नकाशा पाहत तासभर हिंडल्यास 5 एमबी, व्हॉट्सॲपवरील छायाचित्र पाव एमबीच्या आत, तेच ईमेलने मूळ आकारात धाडल्यास 3, स्काइपवरील दर्शन मिनिटाला 5, सबब ते घरच्या वायफायवरच. चोपडी सौभाग्यवतींच्या स्वाधीन होती. मी नकाशाची मागणी करावी, त्यांनी ती "पुढच्या चौकात बघू, हा रस्ता सरळच आहे" म्हणून नामंजूर करावी, आणि रस्ता खरोखर सरळ निघावा, असे पुष्कळदा झाले.

फुकटच्या वायफायवर भिस्त ठेवण्याची तेथे सोय नव्हती. दुकानदाराच्या जोडणीवरून गिऱ्हाइकाने काही बेकायदा उतरवले तर त्याचा जाब दुकानदारासच द्यावा लागण्याची धास्ती असल्यामुळे कॉफीगृहवाले परवलीचा शब्द देताना आपल्याकडील तलाठी सातबारा देताना करतो तसा चेहरा करीत. तो कायदा 2017 साली सैल झाला.

आम्ही परतताना ते सिमकार्ड सौभाग्यवतींनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवले आणि चोपडीसह लेकीच्या स्वाधीन केले, कारण पुढच्या खेपेस जावईबापूंचे मातापिता येणार होते. अशा रीतीने ती डबी आणि ती चोपडी दोन घराण्यांत फिरू लागली. येथे एक जुनी बाकी मला वसूल करावयाची आहे. 2015 सालच्या एप्रिलात आम्ही पोहोचलो तेव्हा मुदतीचे बारा दिवस उरले असून शिल्लक अवघी 11 एमबी होती. चोपडीत व्याहीबुवांच्या टपोऱ्या अक्षरात नोंद होती: "26 मार्च. सामना. 310." विश्वचषकाचा उपांत्य सामना, सिडनीला, आपण 95 धावांनी हरलेला, आगगाडीत बसून पाहिलेला! जिंकलेल्या सामन्यावर झालेला खर्च मी डोळे मिटून मंजूर केला असता. मी शेऱ्याच्या रकान्यात "अनावश्यक" असे लिहिले, पुढल्या वर्षी त्याखाली व्याह्यांचा प्रतिशेरा आढळला: "कॉन्स्टान्झचे काय?"

ते शल्य खरे होते. कॉन्स्टान्झ हे सरोवराकाठचे गाव जर्मनीत आहे, पण स्वित्झर्लंड इतके लगत की काठावर फोन स्विस जाळे पकडतो. आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्याने तेथे संघाच्या दरमर्यादेचे छत्र नव्हते. मी बाकावर बसून हंस पाहत असता 9 युरो दहा मिनिटांत गेले. तेव्हापासून चोपडीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईत नियम लिहिला गेला की सीमेनजीक फोन विमान-स्थितीत ठेवावा आणि लागणारा नकाशा आदल्या रात्री वायफायवर उतरवून घ्यावा.

या सुराज्याचा अंत बाहेरून झाला नाही, घरातून झाला. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आले, आणि मागच्या वर्षीपर्यंत महिन्याला एक जीबी पुरवून वापरणारे आमचे घर थोड्याच काळात रोजचा एक जीबी संपवू लागले. पुढल्या 15 जूनला युरोपीय संघाने आपल्या ग्राहकांसाठी रोमिंगचे जादा आकार रद्द केले. लेकीच्या घरचे सिमकार्ड इटलीतही तेवढ्याच दराने चालू लागले. दोन्ही गोष्टी लोकहिताच्या. आमची मात्र सवय बिघडली. 2018 साली सौभाग्यवतींनी, ज्यांनी मला चौकाचौकांत नकाशा नाकारला होता, व्हिएन्नाच्या गाडीत बसून पाककृतींच्या चित्रफिती पाहिल्या. उंची प्रतीचे चित्र तासाला 3 जीबीपर्यंत खाते. आमचा 2 जीबींचा पॅक लिंझ येण्यापूर्वीच संपला. चोपडीतील त्यांची अखेरची नोंद: "मोजणे सोडले."

आता ई-सिम आले आहे. ते विमानात बसण्यापूर्वीच मिळते आणि बँकेच्या ओटीपीसाठी जुने सिमकार्ड फोनातच ठेवता येते. हे गुण मी नाकारीत नाही. मर्यादाही होती तशीच आहे. फक्त ती पाकिटावरून उठून अटींच्या कुठल्यातरी खालच्या कलमात जाऊन बसली आहे, आणि जेथे जमा किती हेच सांगितले जात नाही, तेथे माणूस खर्च टिपणार कशासाठी? पण माझी मुख्य तक्रार निराळी आहे. ई-सिम डबीत ठेवता येत नाही. व्याहीबुवा स्वतःचा पॅक घेऊन जातात, आम्ही आमचा. दोन घरांत हिशेब उरला नाही, आणि हिशेब उरला नाही म्हणून बोलणेही दसऱ्यापाडव्यापुरते उरले.

स्थानकाबाहेर अडकलो त्या रात्री लेकीच्या कपाटातून मी चोपडी काढली आणि सात वर्षांनी नोंद घातली: "जमा, अमर्याद. खर्च, 2 जीबी. शिल्लक" — आणि तेथे लेखणी अडली. न राहवून मी वायफायवरून व्याहीबुवांना नाशिकला फोन लावला. तिकडे पहाट होती, तरी त्यांनी सारी हकीकत सावकाश ऐकून घेतली, आणि दहा वर्षे राखून ठेवलेल्या शांतपणाने विचारले, "दोन जीबी? सामना कोणता होता?"