जुन्या कुऱ्हाडीला नवा दांडा



गोठ्याच्या वळचणीला किंवा माळ्यावर कुऱ्हाडीचं जुनं पातं गंजत पडलेलं बऱ्याच घरांत सापडेल. ते मोडीत घालू नका. चांगल्या लोहारानं घडवलेलं पातं दोन पिढ्या चालतं. आधी मोडतो तो दांडा. रेडिओवर ऐकताना मापं ध्यानात राहत नाहीत, म्हणून ती इथं छापून देत आहोत.

नेढ्यात जुन्या दांड्याचा तुकडा अडकला असेल तर तो पटाशीनं किंवा जाड खिळ्यानं ठोकून बाहेर काढा. पुष्कळजण पातं सरळ चुलीत घालतात. लाकूड जळतं खरं, पण त्या धगीनं धारेचं पाणी उतरतं, आणि मग कितीही पाजळलं तरी धार टिकत नाही. पातं व नेढं चिरलेलं नाही ना, हेही गंज घासून पाहावं. चीर असेल तर त्यासाठी दांडा करण्यात अर्थ नाही.

लाकूड धामण, धावडा किंवा बाभळीचं घ्यावं. तिवस उत्तम, पण तो १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यातील यादीत आहे. बांधावरचा असला तरी परवानगीशिवाय तोडू नये. साग दिसायला देखणा, मात्र घावाच्या हादऱ्याला तो ठिसूळ ठरतो. ओंडका करवतीनं न चिरता पाचरी मारून फाडावा. फाडताना लाकूड आपल्या रेषेनंच उकलतं, त्यामुळे रेषा दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहतात. रेषा मध्येच तिरकी बाहेर गेली की दांडा नेमका तिथं मोडतो. गाठही नको. फाडलेल्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंपून तो सावलीत किमान एक उन्हाळा वाळू द्यावा. ओल्या लाकडाचा दांडा आज घट्ट बसेल आणि चैतात खुळखुळेल.

लांबीसाठी सोपं माप म्हणजे पातं तळहातात धरून हात लांब केला असता दांड्याचं टोक काखेपर्यंत यावं. मुठीत धरल्यावर बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकावीत, एवढी जाडी पुरे. वाकसानं तासताना दांडा गोल करू नका, लांबट गोल ठेवा. त्याची रुंद बाजू धारेच्या दिशेनं असली म्हणजे कुऱ्हाड हातात फिरत नाही. शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडून घ्या. व्हार्निश लावू नये, हाताला फोड येतात.

आता बसवणं. इथं घाई करणारे फसतात. नेढं बहुधा एका तोंडाला किंचित रुंद असतं, ते तोंड वर ठेवा. नेढ्याच्या आतून दिव्याची काजळी फासा आणि दांडा खालून घालून काढा. लाकडाला जिथं काळं लागेल तेवढंच कानशीनं उतरवा. असं आठ-दहा वेळा करावं लागेल. मग दांड्याच्या वरच्या टोकाला नेढ्याच्या लांबीच्या दिशेनं, नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोलीइतकी चीर करवतीनं घ्या. पातं घालून, ते खाली लोंबतं ठेवून दांडा हातात उभा धरा आणि त्याच्या वरच्या, म्हणजे मुठीकडच्या टोकावर लाकडी मोगरीनं ठोका. पातं आपोआप वर चढत जातं. दांडा नेढ्याबाहेर पाव इंच राहील इतकं चढवून चिरेत वाळलेल्या बाभळीची पाचर ठोका. पाचरीऐवजी खिळे मारण्याची रीत वाईट, त्यानं लाकूड फाटतं. (कुदळीसारखा वरून घालायचा दांडा असेल तर पाचर लागत नाही.)

दांडा सैल झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगून घट्ट होतं, पण नेढ्यात दाबलं जाऊन वाळल्यावर पूर्वीपेक्षा ढिलं पडतं. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण झाडांची. ढिला दांडा मात्र शेजारी उभ्या असलेल्या पोराचा काळ होतो. उडालेलं पातं कुणाला लागेल, सांगता येत नाही. तेव्हा पाण्याऐवजी नवी पाचर मारा.

दांड्याला जवसाचं तेल चोळा, आठवड्यानं पुन्हा एकदा चोळा. हे तेल सुकून लाकडात मुरतं. गोडेतेल तसंच चिकट राहतं. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कडब्याच्या गंजीजवळ टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपसूक पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा चुलीत घाला.

नव्या दांड्यानं पंधरा-वीस घाव घातल्यावर थांबून पातं सरकलं का ते पाहा, आणि सरकलं असेल तर पाचर आणखी ठोका.