थोडंफार आहे, म्हणून सुटका नाही?
लेखमाला : कर्ज आणि कायदा (भाग ७)

मागचा भाग वाचून तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यातले एक शेतकरी करमाळ्यात भेटायला आले. त्यांनी पिशवीतून सातबारा काढला, घडी उलगडून तळहातानं सपाट केला. क्षेत्र ०.८१ हेक्टर, म्हणजे दोन एकर. 'इतर हक्क' या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, त्याखाली पतसंस्थेचा. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "दोन एकर हाय, घर हाय, एक म्हैस हाय. काहीच नसतं तर सुटलो असतो. आता आम्हाला कोण सोडवणार?"

ज्याच्याकडं काहीच नाही त्यालाच कर्जातून सुटका मिळते, हा समज आपल्याकडं पक्का आहे. तो निम्मा खरा आहे, आणि त्या निम्म्या खऱ्यापायीच माणसं चौकशीलासुद्धा जात नाहीत.

कर्जमाफीपासून सुरुवात करू, कारण 'पात्र-अपात्र' हे शब्द घराघरांत तिच्यामुळंच गेले. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत माप जमिनीचं होतं. दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर थकलेलं पात्र कर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त असेल तर आधी ७५ टक्के स्वतः भरा, मग २५ टक्क्यांची सूट. अवर्षणप्रवण जिल्ह्यांत ही सूट २५ टक्के किंवा २० हजार, यांतलं जे जास्त असेल ते. हे माप करमाळ्याला लावून पाहा. उजनी धरणाच्या फुगवट्याला कंदर-वांगीकडं चार एकरांत ऊस नाहीतर केळी उभी असते. वर माळाला आठ एकरांचा धनी पाऊस चुकला की दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जातो. योजनेच्या लेखी पहिला अल्पभूधारक आणि दुसरा मोठा शेतकरी. हेक्टर मोजले, पाणी मोजलं नाही.

२०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेनं जमीन किती हे पाहणंच सोडून दिलं, ते बरं झालं. पण तिथं वेगळी रेघ ओढली गेली. ३० सप्टेंबर २०१९ ला मुद्दल आणि व्याज धरून थकबाकी दोन लाखांच्या वर गेलेली असेल तर ते खातं बाहेर. प्राप्तिकर भरणारे बाहेर, महिन्याला २५ हजारांहून जास्त निवृत्तिवेतन घेणारेही बाहेर. म्हणजे घरात काय आहे यापेक्षा कागदावर काय आहे, याला तिथं महत्त्व होतं.

कर्जमाफी सरकारच्या मनावर असते. ती नसेल तेव्हा, आणि तिच्यात न बसणाऱ्या पतसंस्थेच्या, हातउसन्या कर्जासाठी, कायद्यातला रस्ता नादारीचा, म्हणजे देणं फिटण्यासारखं नाही हे कोर्टाकडून ठरवून घेण्याचा.

शेतकऱ्यांसाठी या रस्त्याची सुरुवात आपल्याच भागात झाली आहे. १८७५ मध्ये सुप्याला ठिणगी पडली आणि पुणे-नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो आधी चारच जिल्ह्यांना लागू होता: पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर. पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त देणं असलेला शेतकरी नादारीचा अर्ज करू शकत असे. जमीन आहे म्हणून त्याला माघारी पाठवत नसत. कुटुंबाच्या पोटापुरती जमीन त्याच्याकडं ठेवायची, उरलेली कलेक्टरनं फार तर सात वर्षं ताब्यात घेऊन खंडानं लावायची आणि आलेला पैसा धनकोंना द्यायचा, अशी त्यात सोय होती. जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहायची. थोडी जमीन असलेल्या माणसाचं दुखणं त्या कायद्याला नेमकं कळलं होतं. त्याची जमीन विकून कर्ज फेडलं तर कर्ज संपतं, पण त्याबरोबर तो शेतकरीही संपतो.

आता २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता पाहा. गरीब कर्जदाराला नव्यानं सुरुवात करता यावी म्हणून तिच्यात वेगळं प्रकरण आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, माफीला पात्र देणं ३५ हजारांच्या आत, आणि स्वतःच्या मालकीचं घर नको, मग ते गहाण असो वा नसो. घरकुल योजनेतून एक खोली मिळालेली विधवा यात बसत नाही. दुभती म्हैस वीस हजारांत येत नाही, म्हणजे माझ्यासमोर बसलेला माणूस म्हशीवरच अडला असता. आणि हे प्रकरण अजून लागूही केलेलं नाही. गरिबीची इतकी कडक परीक्षा घेणाऱ्या अटी मला मान्य नाहीत.

तेव्हा करमाळ्याच्या माणसाला आज उघडं असलेलं दार १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचं, आणि ते जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतं. देणं किमान ५०० रुपयांचं हवं, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात अटक वा जप्ती झालेली हवी. मालमत्तेवर वरची मर्यादा नाही. कोर्टाला पाहायचं असतं ते हे, की जे आहे त्यातून देणं फिटण्यासारखं आहे का. समजा, जमीन आणि घर मिळून पंधरा लाखांचं आहे आणि देणं चार लाखांचं. मग तुम्ही अडचणीत आहात, नादार नाही. तुमचा मार्ग हप्ते पाडून घेण्याचा किंवा एकरकमी तडजोडीचा. पण देणं अठरा लाखांवर गेलं असेल तर दोन एकर नावावर असूनही अर्ज करता येतो.

नादार ठरवल्यावर मालमत्ता कोर्टाकडं किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडं जाते, पण सगळी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं जप्तीतून सोडलेल्या वस्तू इथंही सुटतात. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, मंगळसूत्र. शेतीची औजारं, बियाणं, आणि पोट भरायला लागतील असं कोर्टाला वाटेल ती जनावरं. कारागिराची हत्यारं, म्हणजे चांभाराची रापीसुद्धा. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते घर. बैलजोडीचं समजावून सांगावं लागत नाही. दुधाच्या म्हशीवर घर चालतं हे मात्र वकिलानं मांडायला हवं. मोटारसायकल या यादीत नाही. शेतजमीनही नाही, आणि १८७९ च्या मानानं आपण मागं आलो ते इथंच. गहाण टाकलेल्या गोष्टीला तर हे संरक्षण उपयोगी पडत नाही. घर पतसंस्थेला गहाण दिलं असेल तर पतसंस्थेचा हक्क कायम राहतो. म्हणून आधी 'इतर हक्क' वाचायचा.

बायकोचं स्त्रीधन तिचं असतं, नवऱ्याच्या यादीत ते येत नाही. ती स्वतः सहकर्जदार किंवा जामीन असेल तर गोष्ट वेगळी.

एक चूक मात्र पार अंगाशी येते. नोटीस आली की जमीन पोराच्या नावावर बक्षीसपत्रानं करून टाकायची, हा सल्ला पारावर फुकट मिळतो. असं हस्तांतर केल्यापासून दोन वर्षांत नादारीचा अर्ज झाला आणि माणूस नादार ठरला, तर कोर्ट ते रद्द करू शकतं. मग जमीन परत यादीत येते, आणि कोर्टाचा विश्वास कायमचा जातो.

नादार ठरलं म्हणजे कर्जातून सुटलं, असंही नाही. मुक्ततेचा अर्ज कोर्टानं दिलेल्या मुदतीत वेगळा करावा लागतो. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होतो. आणि मुक्तता मिळेपर्यंत ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येत नाही.

त्या शेतकऱ्याला मी सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. सातबारा, आठ-अ आणि प्रत्येक कर्जखात्याचा उतारा एकत्र करा. कोऱ्या कागदावर डावीकडं आहे ते, उजवीकडं देणं आहे ते लिहा. हातउसनेही लिहा, म्हैसही लिहा, काही लपवू नका. तो कागद घेऊन तालुका विधी सेवा समितीकडं जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्न न पाहता तिथं मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्न कमी असेल तर मिळतो. जप्तीची तारीख पडायच्या आधी जा.