जपानी दप्तर आणि मोडी वाचणाराची दृष्टि

जपानी भाषा शिकणारांची संख्या पुण्यांत बरीच आहे. त्यांतील बहुतेकांचें शिक्षण छापील जपानीवर होतें व व्यवहारास तें पुरतें. परंतु जुन्या कागदांची गोडी असलेला आमचा एखादा वाचक त्या देशाच्या संस्कृतीचा अभ्यास करूं म्हणेल, तर त्यास आणखी एक दार उघडावें लागेल. तें दार मोडी वाचणारास अगदींच परकें नाहीं, एवढें दाखविण्याकरितां हा लेख लिहीत आहों.

जपानांतील जुने कागद ज्या वळणांत लिहिलेले आहेत त्यास कुझुशिजी म्हणतात. शब्दाचा अर्थच 'मोडलेलीं अक्षरें' असा आहे; मोडीचें नांव 'मोडणें' या धातूवरून आलें असें मानणारांस हा योगायोग आवडेल. यांत कुंचला शक्यतों न उचलतां चालतो, शब्दांत अंतर नसतें, आणि एकाच ध्वनीस अनेक वर्णरूपें असतात. १९०० सालीं तेथील शिक्षणखात्यानें शाळांकरितां प्रत्येक ध्वनीस एकच रूप ठरवून दिलें, तेव्हांपासून बाकीचीं रूपें मागें पडलीं. परिणाम आपल्या ओळखीचा आहे : सुशिक्षित जपानी गृहस्थासही आपल्या पणजोबांचें पत्र बहुधा वाचतां येत नाहीं. मोडी वाचणारास अक्षर सुटें न पाहतां ओळीच्या ओघांत पाहण्याची, आणि मायना व ठराविक शब्दप्रयोग यांवरून अडलेलें अक्षर ओळखण्याची संवय असते. तिचा येथें उपयोग होतो.

तोकुगावा अमदानींतील (१६०३–१८६८) गांवचे कागद तेथें अतोनात आहेत. सामुराई बहुतेक किल्ल्याभोंवतालच्या शहरांत राहावयास गेले, त्यामुळें खेड्यांवरील कारभार लेखी हुकुमांनीं चाले. सारा गांवावर एकत्र बसे व त्याचा हुकूम गांवच्या मुख्याकडे येई. या मुख्यास पूर्वेकडे नानुशि व पश्चिमेकडे शोया म्हणत. जमीनपाहणीची वही, साऱ्याचे हुकूम, कोणतें माणूस कोणत्या देवळाचें याची नोंदवही, पाण्याच्या तंट्यांचे करारनामे, हें सर्व त्याच्या घरीं असे.

आम्हीं तेथें अभ्यासास राहिलों तेव्हां आरंभीं नानुशि हा शब्द दिसला कीं मनांत 'पाटील' म्हणत असूं. सहा महिने त्यानें काम भागलें. पुढें तेंच आड येऊं लागलें. पाटिलकी हें वतन. तें वांटलें जाई, गहाण पडे, विकलेंही जाई. आणि लेखणी कुळकर्ण्याची. नानुशि लिहिण्याचें काम स्वतः पाही, व कित्येक गांवीं तो पाळीनें किंवा निवडीनें बदले. म्हणून पाटलाच्या घरचा महजर हा घराण्याच्या हक्काचा पुरावा असतो, तर नानुशिच्या घरचे पुष्कळसे कागद गांवाचे असून पुढच्या मुख्याच्या स्वाधीन करावयाचे असतात. हा भेद आम्हांस कोशांत सांपडला नाहीं.

उलट दिशेनें हाच प्रवास हितोत्सुबाशी विद्यापीठाचे हिरोशी फुकाझावा यांनीं केला. मराठी साधनांवरून त्यांनीं १९७२ सालीं असा प्रश्न मांडला कीं, बलुतेदार हा कुटुंबांचा चाकर कीं सबंध गांवाचा. उत्तर त्यांनीं बहुतांशीं गांवाच्या बाजूनें दिलें. त्यांचे लेख मरणोत्तर १९९१ सालीं ग्रंथरूपानें निघाले, आणि वतनांचा विचार पुढें हिरोयुकी कोतानी यांनीं चालविला.

कागद कोठें शोधावे हेंही तेथें राहिल्यानेंच कळतें. फुसुमा म्हणजे घरांतील कागदी सरकतें दार. त्याच्या आंत अस्तर म्हणून रद्दी कागदांचे थर चिकटवीत. नोतो द्वीपकल्पांतील टोकिकुनी घराण्याच्या अशा अस्तरांतून निघालेल्या कागदांनीं योशिहिको आमिनो यांस दाखविलें कीं, दप्तरीं 'ह्याकुशो' म्हणून नोंदलेलें हें घराणें मोठा गलबतांचा व्यापार करीत होतें. ह्याकुशो म्हणजे शेतकरी हें सर्वमान्य भाषांतर तेथें डळमळलें. जपून ठेवलेल्या दप्तरानें जें सांगितलें नाहीं तें टाकून दिलेल्या कागदानें सांगितलें. त्या घराण्याच्या वरच्या शाखेचा वाडा १ जानेवारी २०२४ च्या भूकंपांत कोसळला.

आमिनो यांची दुसरी हकीकत संग्राहकांनीं अवश्य ऐकावी. १९४९ पासून मत्स्यखात्याच्या योजनेखालीं शिबुसावा केइझो यांनीं स्थापिलेल्या संशोधनसंस्थेनें समुद्रकांठच्या गांवांतून ढिगांनीं कागद उसने आणले. योजना बंद पडली आणि कागद राहून गेले. तरुणपणीं त्या कामांत असलेल्या आमिनो यांनीं उतारवयांत गांवोगांव हिंडून ते परत केले, आणि १९९९ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. त्यांत स्वतःच्या पिढीचा दोष त्यांनीं झांकला नाहीं.

आम्हांस येथें येलदरी आठवते. परभणी जिल्ह्यांत त्या धरणानें पूर्णाकांठचा मुलूख पाण्याखालीं घेतला. पूर्वीं निजामी अमलांत असलेल्या त्या भागांत मोडी, फारसी व उर्दू असे तिन्ही कागद आढळतात. घर उठतांना माळ्यावरचा रुमाल एक तर भिजतो, नाहींतर 'पाहून परत करतों' म्हणणाऱ्याच्या हातीं जातो. आणि मग परत नेऊन देण्यास तें गांव जागेवर नसतें. आमच्या संग्रहांतही तिकडचा एक रुमाल आहे. त्यावर घराण्याचें व गांवाचें नांव आहे, आणल्याची तारीख आहे, परतीची नाहीं. घराणें हल्लीं कोठें वसलें आहे याची चौकशी चालू केली आहे.