कांगड्याच्या गडाचे चार धनी
लेखांक सहावा

यशवंतराव होळकर १८०५ च्या अखेरीस पंजाबात अमृतसरपर्यंत गेले, रणजितसिंगाकडे मदत मागितली आणि ती न मिळाल्याने इंग्रजांशी तह करून माघारी फिरले, इथवर आपण गेल्या लेखात आलो. त्याच सुमारास तिथून उत्तरेला, धौलाधारच्या पायथ्याशी, आणखी एक युद्ध पेटत होते. मराठी वाचकांच्या कानावर ते फारसे आलेले नाही. त्या काळचा पंजाब समजून घ्यायला मला मात्र याहून चांगले उदाहरण सापडत नाही. शीख, हिंदू, मुसलमान असे सगळेच त्यात आहेत, आणि कोण कोणाच्या बाजूने लढले हे धर्मावरून ओळखू गेलो तर उत्तर दरवेळी चुकते.

कांगड्याचा किल्ला बाणगंगा आणि मांझी या नद्यांच्या संगमावर, उंच कड्यावर उभा आहे. जहांगीराच्या फौजेने तो १६२० साली घेतला आणि आत मोगल शिबंदी बसली. पुढे १७५२ साली पंजाबच अब्दालीकडे गेला, तरी किल्लेदार सैफअलीखान गड धरून राहिला. भोवतालचा मुलूख कटोच राजपुतांचा. गडावरच्या तोफेचा गोळा जिथवर पोचेल तेवढीच तिथली मोगलाई.

कटोचांचा संसारचंद गादीवर आला तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. वाडवडिलांचा गड परत घ्यायचा, हा त्याचा ध्यास. एकट्याने जमेना म्हणून त्याने कन्हैया मिसलीचा, म्हणजे शिखांच्या एका लढाऊ जथ्याचा, सरदार जयसिंग याला बोलावले. १७८३ साली सैफअलीखान वारला, गडाचे दरवाजे उघडले, आणि आत शिरली ती जयसिंगाची माणसे! संसारचंद बाहेरच राहिला.

मग जयसिंगाचे सुकरचक्किया मिसलीच्या महासिंगाशी बिनसले. हा महासिंग म्हणजे रणजितसिंगाचा बाप. महासिंग, जस्सासिंग रामगढिया आणि संसारचंद एक झाले. बटाल्याजवळच्या लढाईत जयसिंगाचा मुलगा गुरबख्शसिंग पडला, आणि त्यानंतरच्या तडजोडीत कांगडा संसारचंदाला मिळाला. एका शीख सरदाराने बळकावलेला गड दुसऱ्या शीख सरदारांच्या जोरावर परत आला. गुरबख्शसिंगाची मुलगी मेहताब कौर पुढे महासिंगाच्याच घरात सून म्हणून गेली, रणजितसिंगाची पहिली पत्नी म्हणून. रणांगणावरचे वैर सोयरिकीने मिटवण्याची ही रीत आपल्याकडच्या सरदार घराण्यांनाही अनोळखी नव्हती.

पुढची वीसेक वर्षे संसारचंदाची. कांगडा शैलीची जी चित्रे आज आपण संग्रहालयांत डोळे भरून पाहतो, त्यांना त्याच्याच दरबारात बहर आला. पण शेजाऱ्यांना त्याने कमालीचे छळले. मंडीच्या राजाला वर्षानुवर्षे कैदेत ठेवले, बिलासपूरचा मुलूख तोडला, मैदानात होशियारपूरपर्यंत हात मारून पाहिला. तिथून रणजितसिंगाने त्याला हुसकावले. अखेर गांजलेल्या पहाडी राजांनी नेपाळच्या गोरखा फौजेला साद घातली. काजी अमरसिंह थापा सतलज ओलांडून आला आणि संसारचंद कांगड्याच्या गडात कोंडला गेला. कोंडणारे हिंदू, त्यांना बोलावणारे हिंदू, कोंडला गेलेलाही हिंदूच. वेढा चारएक वर्षे चालला. त्याची खरी किंमत रयतेने मोजली: शेते ओस पडली, गावेच्या गावे चंब्याकडे आणि जालंधरच्या मैदानाकडे पळाली. राजांच्या याद्यांत ही माणसे कुठेच नसतात, याचे मला फार वाईट वाटते.

संसारचंदाने आता रणजितसिंगाकडे माणूस धाडला. रणजितसिंगाला ही संधी नेमक्या वेळी आली. एप्रिल १८०९ मध्ये इंग्रजांशी अमृतसरचा तह झाल्याने सतलजच्या दक्षिणेला वाढण्याची वाट त्याला बंद झाली होती. उरले होते पहाड आणि पश्चिम. मदतीचा मोबदला म्हणून त्याने खुद्द गडच मागितला. जुलैमध्ये ज्वालामुखीच्या देवळात करार झाला. हिंदू राजा आणि शीख महाराजा, दोघांनीही शपथेसाठी तीच देवी निवडली. त्या शपथेचे वजन कोणीच नाकारले नसते. तरीही संसारचंद गड सोडायला टाळाटाळ करू लागला, गोरख्यांशीही बोलणी चालवू लागला. रणजितसिंगाने त्याचा मुलगा अनिरुद्धचंद याला अडकवून ठेवले आणि ऑगस्टमध्ये गडात प्रवेश केला. गोरखे सतलजपार परतले. त्याचा सरदार देसासिंग मजिठिया किल्लेदार झाला. ज्यांनी गोरख्यांना बोलावले होते ते पहाडी राजेही आता लाहोरला, रणजितसिंगाच्या दरबारी, खंडणी भरू लागले.

संसारचंद लाहोरचा मांडलिक म्हणून उरलेले आयुष्य जगला. त्याच्यामागे अनिरुद्धचंदाकडे निरोप आला: लाहोर दरबारचा मातब्बर राजा ध्यानसिंग डोगरा याच्या मुलाला बहीण द्यावी. ध्यानसिंग हिंदू, राजपूतच. तरी कटोचांच्या लेखी ते घराणे आपल्या तोलाचे नव्हते. अनिरुद्धचंदाने राज्य सोडले आणि बहिणींना घेऊन सतलजपार इंग्रजांच्या मुलखात निघून गेला. रणजितसिंगाने कटोचांचा बहुतेक मुलूख खालसा केला.

पुढच्या आठवड्यात मुलतान: अफगाण नवाब मुजफ्फरखान आणि १८१८ चा वेढा.