चौरंगावरील चट्टे

गणपतीचे दिवस जवळ आले कीं कर्जत-खालापूरकडील घरांतून माळ्यावरचे पाट व चौरंग खालीं येतात. महडच्या वरदविनायकाचा हा मुलूख. उत्सवाची हौस मोठी. परंतु याच दिवसांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं पाऊसहि कोसळत असतो. या दोहोंच्या पेंचांत सांपडलेल्या एका चौरंगाची ही हकीकत आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील आहे.

चौरंग सागवानी, आजेसासऱ्यांच्या वेळचा. धाकट्या सूनबाईंनीं तो हौसेनें घासला व त्यास बाजारांतील तयार अक्रोडी रंग दिला. सकाळीं पाहतात तों मध्यभागीं फिके चट्टे आणि कडा काळ्याभोर! घाबरून त्यांनीं आणखी एक हात दिला. कडा अधिकच काळ्या झाल्या. चट्टे जागच्या जागीं. "जुनी वस्तु बिघडविली" असा शब्द घरांत उमटला, व नवा चौरंग आणण्याची भाषा सुरू झाली. शेवटीं गांवांतील वृद्ध मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं बोट फिरवून सांगितलें, "वहिनी, दोष तुमच्या हाताचा नाहीं. हें तेल आहे."

त्यांचें म्हणणें यथार्थ होतें. असा रंग लांकडाच्या केवळ वर बसत नाहीं, तो आंत मुरतो. आणि जेथें जितका वाव, तेथें तितकाच मुरतो. समईचें तेल व निरांजनाचें तूप जेथें वर्षानुवर्षें सांडलें, तेथें त्यास शिरकाव मिळत नाहीं. सांध्यावरील सरसाचा ओघळ व कोपऱ्यांत राहिलेलें जुनें पॉलिश हींहि अशींच अडवणूक करितात. उलट फळीच्या कापलेल्या टोकास लांकडाच्या बारीक नळ्यांचीं तोंडें उघडीं असतात. तेथें रंग अधिक प्यायला जातो व काळा दिसतो. म्हणून वरून पुनः पुनः रंग देणें हा उपाय नव्हे. मुळाशींच गेलें पाहिजे.

क्रम असा : प्रथम सांचलेला रंग स्पिरिटच्या फडक्यानें पुसावा. तेलाचे डाग टर्पेंटाइनच्या बोळ्यानें दोनतीनदां काढावे. मग १२० व त्यानंतर १८० क्रमांकाच्या कांचकागदानें नसांच्या दिशेनें घासावें. केवळ डागाएवढें नव्हे, तर सांध्यापासून सांध्यापर्यंत सबंध फळी. टोकें २२० नंबरानें अधिक गुळगुळीत करावीं, म्हणजे तीं रंग कमी पितात. नंतर ओलें फडकें फिरवावें. तेलाची वा सरसाची जागा राहिली असल्यास ती लगेच वेगळी दिसते. लांकूड पूर्ण वाळल्यावर एक लिटर स्पिरिटांत सुमारें ६० ग्रॅम चपडा विरघळवून त्याचा एक पातळ हात द्यावा. त्यामुळें लांकडाची तहान सर्वत्र सारखी होते. मग रंग खालच्या बाजूस लावून पाहावा, आणि पसंत पडल्यावरच वर पातळ द्यावा. स्पिरिट व टर्पेंटाइन दोन्हीं ज्वालाग्राही. हें काम देवघरांत, समईजवळ, मुळींच करूं नये.

राहिला प्रश्न ऋतूचा. स्पिरिट उडतांना पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट हवेंतील पाणी त्यावर धरून चपडा पांढुरका पडतो. श्रावण-भाद्रपदांत या बाजूस हें हटकून घडावयाचें. मिस्त्रींनीं म्हणूनच त्या वेळीं काम हातीं घेण्याचें नाकारलें. गणपति त्याच चौरंगावर, लाल वस्त्र अंथरून बसले. आणि दिवाळी उलटल्यावर, कोरड्या हवेंत, सूनबाईंनीं स्वतःच तें काम पुरें केलें.

खोल मुरलेलें तेल पुरतें निघत नाहीं. समईच्या जागेचा एक पुसट डाग अद्याप दिसतो. तो झांकण्यासाठीं आणखी रंग द्यावा काय, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां सासूबाई म्हणाल्या, "राहूं दे. समई कोठें ठेवायची, तें त्यावरून कळेल."