केंद्रकाचा धक्का मोजायचा कसा?

कृष्णपदार्थाचा कण असो वा न्यूट्रिनो, स्फटिकातून जाताना तो क्वचितच एखाद्या अणुकेंद्रकावर आदळतो. केंद्रक जागचे हलते, शेजारच्या अणूंना ढकलते आणि थांबते. या प्रतिक्षेपाची ऊर्जा इतकी थोडी असते की ती टिपण्यासाठी चार दशके खटपट चालू आहे. १९८४ मध्ये फिओरिनी आणि निनिकोस्की यांनी अतिशीत उष्णतामापीची कल्पना मांडली. त्याच वर्षी द्रुकियर आणि स्टोडोल्स्की यांनी न्यूट्रिनोंसाठी अतिवाहक कणांचा शोधक सुचवला.

तत्त्व सरळ आहे. तापमान निरपेक्ष शून्याकडे नेले की स्फटिकाची उष्णताधारकता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून चिमूटभर ऊर्जेनेही तो मोजण्याइतका तापतो. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या क्रेस्ट प्रयोगात कॅल्शियम टंगस्टेटचे स्फटिक सुमारे १५ मिलिकेल्विनला ठेवतात. त्यावरची टंगस्टनची पातळ फिल्म अतिवाहक होण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर असते. तापमान जरासे चढले, की तिचा रोध झपकन वाढतो. २०१९ मध्ये क्रेस्टने या रीतीने ३०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किमान उंबरठा गाठल्याचे प्रसिद्ध केले.

पण धक्का केंद्रकाला बसला की इलेक्ट्रॉनला, हे नुसत्या उष्णतेवरून कळत नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो. कॅल्शियम टंगस्टेटमध्ये तेवढ्याच ऊर्जेला ऑक्सिजनचे केंद्रक इलेक्ट्रॉनच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका प्रकाश देते, तर टंगस्टनचे दोन टक्क्यांच्या आसपास. जर्मेनियमच्या शोधकांत प्रकाशाऐवजी विद्युतभार मोजतात. केंद्रकाच्या धक्क्यातून तो कमी का निघतो, याचे गणित लिंडहार्ड आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले. अगदी कमी ऊर्जेला मात्र प्रकाश आणि भार दोन्ही क्षीण होतात आणि सगळी भिस्त उष्णतेवर येते.

अडचण इथेच आहे. शोधकाचे अंशांकन सहसा लोह-५५ च्या ५.९ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या क्ष-किरणांनी करतात, पण ते इलेक्ट्रॉनांना हलवतात. केंद्रकाचा धक्का अणूला जागेवरून उखडून स्फटिकात दोष निर्माण करू शकतो. तेवढी ऊर्जा तिथेच अडकते, उष्णता म्हणून दिसत नाही. दुधाचे माप तेलाला लावावे, तसा हा प्रकार.

क्रॅब आणि न्यूक्लिअस या गटांनी २०२३ मध्ये यावर सुंदर तोड प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियमच्या स्रोतातले न्यूट्रॉन मंद करून स्फटिकावर सोडले. टंगस्टन-१८२ ने न्यूट्रॉन गिळला की ते टंगस्टन-१८३ होते. त्यातून कधी सुमारे ६.२ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एकच गॅमा किरण सुटतो आणि स्फटिकाबाहेर निसटतो. मागे सरकणाऱ्या केंद्रकाला संवेगाच्या नियमाने ठरलेलीच ऊर्जा मिळते: ११२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आलेखात नेमके तिथेच शिखर उभे राहिले. निव्वळ केंद्रकाच्या धक्क्याचे माप हाती आले.

तरी मोठे कोडे बाकी आहे. काहीशे इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली निरनिराळ्या प्रयोगांत घटनांची अनाकलनीय गर्दी दिसते. ती प्रयोगागणिक बदलते. क्रेस्टमध्ये तर काळानुसार ओसरत जाते. स्फटिकातले वा त्याच्या आधारांतले ताण सुटत असावेत, असा दाट संशय आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही दुहेरी बीटा क्षयाच्या शोधासाठी कथिलाचे अतिशीत शोधक विकसित करण्याचे काम झाले आहे. तिथे प्रश्न वेगळा असला, तरी मिलिकेल्विनमधले हे कसब तेच आहे. म्हणूनच ही कथा आपल्यालाही परकी नाही. उद्या कुणी हलका कृष्णपदार्थ सापडल्याचा दावा केला, तर आधी दोन गोष्टी विचाराव्यात: माप केंद्रकाच्याच धक्क्याने तपासले का, आणि तळाच्या गर्दीचा हिशेब लागला का? दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत तो दावा मान्य करू नये.