एमएसईबी गेली कुठे? सूत्रधारी कंपनी आणि उपकंपनी समजून घेऊया



लाईट गेली की आपण अजूनही म्हणतो, "एमएसईबीला फोन लावा." पण महिन्याच्या बिलावर नाव असतं महावितरणचं. मग एमएसईबी गेली कुठे? या एका प्रश्नातून मोठ्या कंपन्यांची रचना मुलांना सहज सांगता येते.

१९६० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ वीज तयार करणं, वाहून नेणं आणि घरोघरी पुरवणं ही तिन्ही कामं करायचं. २००३ चा वीज कायदा आला आणि जून २००५ मध्ये मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती उच्चदाब वाहिन्यांवरून नेते आणि महावितरण ग्राहकांना देते. चौथी म्हणजे एमएसईबी सूत्रधारी कंपनी. बाकी तिघींचे शेअर तिच्याकडे आणि तिची मालकी राज्य शासनाकडे. फळ्यावर काढायला सोपं आहे: वर शासन, मध्ये सूत्रधारी कंपनी, खाली तीन चौकटी.

उपकंपनी कशाला म्हणायचं? २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार, एका कंपनीकडे दुसरीतल्या निम्म्याहून जास्त मतांचा हक्क असेल, किंवा तिच्या संचालक मंडळावर कोण बसणार हे ती ठरवू शकत असेल, तर दुसरी तिची उपकंपनी. म्हणजे शंभर टक्के मालकी लागतेच असं नाही.

आपण वर्गात "आई आणि लेकरू" असा दाखला देतो. तो ठीक आहे, पण अपुरा आहे. उपकंपनी कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती असते. तिचे हिशोब, तिचं कर्ज, तिच्यावरचे खटले तिचे स्वतःचे. ती बुडाली आणि मूळ कंपनीने हमी दिलेली नसेल, तर मूळ कंपनीचं नुकसान साधारणपणे गुंतवलेल्या पैशांपुरतंच होतं. शिवाय हे "लेकरू" विकताही येतं! फोर्डने जग्वार लँड रोव्हर २००८ मध्ये टाटा मोटर्सला विकली.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायुगळती झाली, तो कारखाना युनियन कार्बाईड इंडिया या कंपनीचा होता. तिचे ५०.९ टक्के शेअर अमेरिकेतल्या युनियन कार्बाईड कॉर्पोरेशनकडे होते. कारखाना भारतीय कंपनी चालवत होती, ती वेगळी आहे, अशी भूमिका मूळ कंपनीने घेतली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे २००१ मध्ये ती अमेरिकन कंपनीच डाऊ केमिकलची उपकंपनी झाली आणि जुनी जबाबदारी आपली नाही, असं डाऊने सांगितलं. हजारो माणसं गेली, पण दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न पीडितांपुढे राहिलाच.

म्हणून पालकहो, ठेवीची पावती असो की मुलाचं नेमणूकपत्र, मोठ्या समूहाचं नाव पाहून थांबू नका. खाली छापलेलं कंपनीचं पूर्ण नाव वाचा. व्यवहार तिच्याशीच असतो.

वर्गासाठी उपक्रम: मुलांना घरातली वेष्टनं आणायला सांगा आणि तीन रकाने करा: ब्रँड, कंपनी, मूळ कंपनी. उदाहरणार्थ, लाईफबॉय हा ब्रँड, हिंदुस्थान युनिलिव्हर ही कंपनी, युनिलिव्हर ही मूळ कंपनी. ब्रँड म्हणजे कंपनी नव्हे, हे मुलांना आपोआप कळेल.